वर्षभराची वही: घरखर्चात बचत नेमकी कुठे झाली?

हिशेबी_वहिनी | ३ एप्रिल २०२५, रात्री ९:४०

गेल्या वर्षीच्या गुढीपाडव्याला, म्हणजे ९ एप्रिल २०२४ रोजी, मी एक दोनशे पानी वही आणली आणि घरखर्चातील तीनच गोष्टी तीत लिहायच्या असे ठरवले: वीज, स्वयंपाकाचा गॅस आणि भुसार माल. भाजी, दूध, शाळेची फी आणि औषधपाणी मुद्दाम बाहेर ठेवले, कारण सगळेच लिहायला गेले की तिसऱ्या आठवड्यात वही कपाटात जाते, हा माझा जुना अनुभव आहे. परवाच्या पाडव्याला वर्ष पुरे झाले. आम्ही पुण्यात राहतो. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, माणसे चार. सासूबाई दिवसभर घरी असल्यामुळे पंखा आणि टीव्ही यांना दुपारचीही सुट्टी नसते.

वही चाळताना पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी की, आपण एकमेकींना उत्साहाने सांगतो त्यांतले बरेच उपाय हिशेबात उमटलेच नाहीत. खोलीतून बाहेर पडताना दिवा घालवावा म्हणून मी मुलांवर वर्षभर ओरडले. हल्लीचा एलईडी दिवा ९ वॅटचा असतो. तो तासभर विसरला तरी माझ्या दराने नुकसान बारा पैशांचे होते. मोबाइलचा चार्जर भिंतीला तसाच राहिला तर तेवढेही होत नाही. याउलट, ज्यांच्याकडे मी ढुंकूनही पाहत नव्हते अशा तीन वस्तूंनी बिल खाली आणले.

पहिली वस्तू गीझर. आमचा गीझर १५ लिटरचा आणि २ किलोवॅटचा आहे. तो सकाळी सहाला लागायचा आणि ज्याला आठवण होईल तो साडेआठच्या सुमारास बंद करायचा. पाणी इतके कढत यायचे की अर्धी बादली थंड पाणी मिसळल्याशिवाय अंगावर घेता येत नसे. इलेक्ट्रिशियनकडून थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी किती तापावे ते ठरवणारा खटका, खाली आणून घेतला आणि आंघोळी एकापाठोपाठ एक, चाळीस मिनिटांत उरकायच्या असा नियम केला. दुसरी वस्तू टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स. टीव्ही रिमोटने बंद व्हायचा, पण रात्री बॉक्सला हात लावला तर त्यावरून नुकतेच मांजर उठून गेल्यासारखा तो कोमट लागायचा. आता झोपण्यापूर्वी भिंतीवरचे बटणच बंद होते. तिसरी वस्तू पंखे. दोन खोल्यांतले जुने पंखे काढून कमी विजेवर चालणारे बीएलडीसी पंखे लावले, त्यांना सहा हजार रुपये गेले.

या तिन्हींमुळे महिन्याची सरासरी १९५ युनिटवरून १५० वर आली. गॅसची टाकी पूर्वी ३८ दिवस पुरायची, ती आता ४६ दिवस पुरते. भुसार मालात मात्र माझी फजिती झाली. तिचा तपशील कोणी विचारलाच तर सांगेन. तुमच्याकडे असा मोजून पाहिलेला अनुभव असेल तर तो आकड्यांसह लिहावा, एवढीच विनंती आहे. «थेंबे थेंबे तळे साचे» हे आपणां सर्वांना पाठ आहे. मला कोणते थेंब मोठे आहेत ते हवे आहे.

---

नाकासमोर | ३ एप्रिल, रात्री १०:२५

वहिनी, वही आवडली. पण माझ्या माहितीप्रमाणे खरी बचत महिन्याचे बिल १०० युनिटच्या आत ठेवण्यातच आहे. एकदा का १०१ वे युनिट पडले की मग पहिल्यापासूनचे सगळे युनिट महाग दराने लागतात. आमच्या सोसायटीत यासाठी लोक महिनाअखेरीस फ्रिजसुद्धा बंद ठेवतात. तुम्ही १५० वर असाल तर इतक्या खटाटोपाचा उपयोग काय?

---

जुना_वायरमन | ४ एप्रिल, सकाळी ७:०५

मी बत्तीस वर्षे खांबावर चढण्यात घालवली आणि निवृत्तीनंतर शेजाऱ्यांची बिले वाचून देण्याचे काम फुकट करतो, म्हणून हा गैरसमज आधी दूर करतो. महाराष्ट्रात घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने लागतात. १९५ युनिट वापरले तर पहिल्या १०० युनिटांना खालचाच दर लागतो आणि वरच्या ९५ युनिटांनाच १०१ ते ३०० या टप्प्याचा दर लागतो. त्यामुळे १०१ व्या युनिटाला कोणतीही कडेलोटाची जागा नाही, आणि त्यापायी फ्रिज बंद ठेवून दूध नासवणे हा निव्वळ तोटा आहे.

परंतु या टप्प्यांतच वहिनींच्या बचतीचे मर्म आहे. महावितरणच्या बिलात वरच्या टप्प्याचा वीज आकार खालच्याच्या दुपटीहून अधिक आहे. त्यात वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत आणण्याचा खर्च, मिळवायचा आणि वर १६ टक्के वीज शुल्क लावायचे. असे सर्व धरले तर शंभराच्या वरचे युनिट आज १३ रुपयांच्या आसपास पडते आणि शंभराच्या आतले ७ रुपयांच्या आसपास. आपण वाचवतो ते युनिट नेहमी वरून वाचते. म्हणून बिलाच्या रकमेला युनिटांनी भागून जो सरासरी दर निघतो तो बचतीच्या हिशेबाला घेऊ नये. वहिनींचे ४५ युनिट गुणिले १३, म्हणजे महिन्याला सुमारे ५८५ रुपये वाचतात. स्थिर आकार मात्र युनिट कमी झाले म्हणून कमी होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

आता मोजण्याची रीत सांगतो, कारण त्यासाठी कोणतेही यंत्र विकत घ्यावे लागत नाही. हल्लीच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्याजवळ एक आकडा छापलेला असतो. पुष्कळ मीटरांवर तो ३२०० असतो, काहींवर १६००. त्याचा अर्थ, तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट पडले. घरातील सर्व काही बंद करून फक्त एक जुना ७५ वॅटचा पंखा पूर्ण वेगात लावा. दिवा दर पंधरा सेकंदांनी एकदा लुकलुकेल. तो बंद करून ३० वॅटचा बीएलडीसी लावा. दोन लुकलुकींमध्ये साडेसदतीस सेकंद जातील. २ किलोवॅटचा गीझर लावला की एका सेकंदात जवळजवळ दोन वेळा लुकलुकते. एक मनुष्य मीटरपाशी घड्याळ घेऊन आणि दुसरा घरात बटणापाशी, इतकीच सामग्री लागते. गीझरच्या लुकलुकीकडे पाच मिनिटे पाहिलेल्या माणसाला पुढे काही सांगावे लागत नाही.

---

नाकासमोर | ४ एप्रिल, सकाळी ९:१२

काका, चूक मान्य आहे. सोसायटीतल्या मंडळींनाही दाखवतो. पण मग पंख्याचे गणित सांगाच. तीन हजारांचा पंखा घेऊन तो पैसा परत कधी येतो?

---

जुना_वायरमन | ४ एप्रिल, दुपारी १२:४०

पंखा किती तास चालतो यावर ते ठरते. ७५ वॅटच्या जागी ३० वॅट झाले, म्हणजे ४५ वॅट वाचले. बारा तास चालला तर दिवसाला ०.५४ युनिट आणि महिन्याला सोळा युनिट. थंडीचे दोन-अडीच महिने पंखा बंद असतो ते वजा करून महिन्याला साडेबारा धरा. तेरा रुपयांच्या दराने दीडशे-एकशे साठ रुपये होतात. म्हणजे तीन हजार रुपये दीड-पावणेदोन वर्षांत वसूल होतात. ज्या खोलीत पंखा रोज दोनच तास लागतो तेथे जुनाच राहू द्यावा. पाहुण्यांच्या खोलीत बीएलडीसी लावणारेही मी पाहिले आहेत. आणि ज्यांच्याकडे अजून तो जुना, हाताला गरम लागणारा डबा रेग्युलेटर आहे त्यांनी समजून असावे की, पंखा एकवर ठेवल्याने वीज फारशी वाचत नाही. जी पंख्यात जात नाही ती डब्यात उष्णता होऊन जाते. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचे तसे नाही.

---

तिरफळ | ४ एप्रिल, रात्री ८:५५

विजेवर काकांनी लिहिल्यावर मी चुलीकडे वळते. चिपळूणला आमच्याकडे सहा माणसे आहेत आणि टाकी ३४ दिवस पुरते. कोणी म्हणेल त्यात काय, पण पूर्वी ती सव्वीस दिवसांत संपायची.

कुकरच्या शिट्ट्या मोजण्याची आपल्याला सवय आहे, पण शिट्टी म्हणजे कुकरने बाहेर टाकलेली वाफ, म्हणजेच जळून गेलेला गॅस. आतले तापमान शिट्टीचे वजन उचलले जाण्याच्या वेळी जे असते, साधारण १२० अंश, त्याच्यावर ते जात नाही, मग खाली ज्योत कितीही मोठी असो. म्हणून पहिली शिट्टी होण्याच्या बेतात आली की मी ज्योत अगदी बारीक करते आणि घड्याळ लावते. तुरीच्या डाळीला आमच्याकडे बारीक ज्योतीवर सात मिनिटे लागतात, तीही डाळ अर्धा तास भिजली असेल तर. भिजवणे हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे आणि नेमका तोच आपण विसरतो. रात्री भिजवलेले छोले आणि सकाळी घाईने कोरडे टाकलेले छोले यांच्या गॅसमध्ये दुपटीचा फरक मी स्वतः मिनिटे लावून पाहिला आहे.

भाताला तर मी गोधडी वापरते. पातेल्यातल्या तांदळाला उकळी आली, आठ-दहा मिनिटे शिजला, की घट्ट झाकण लावून पातेले जुन्या गोधडीत गुंडाळायचे आणि लाकडी खोक्यात ठेवून द्यायचे. पाऊण तासाने भात तयार असतो आणि तळाला लागत नाही. मात्र गुंडाळलेले अन्न तास न् तास तसेच ठेवू नये. कोमट अन्न लवकर खराब होते. माझे आजोबा गिरगावात एका खोलीत राहत असताना त्यांच्याकडे इकमिक कुकर होता. १९१० साली कोलकात्याच्या डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनी तो तयार केला. डब्यावर डबे, खाली मूठभर कोळसे, आणि कामावरून परत येईपर्यंत जेवण तयार. आजोबा म्हणत की त्यांच्या बिऱ्हाडातली स्वयंपाकीणबाई पितळेची आहे.

एक अनुभव मात्र कटू आहे. मागच्या दिवाळीत आलेली टाकी एकोणतीस दिवसांतच संपली. वापर तोच होता, माणसे तीच होती. टाकी घेताना मी वजन न करता सही केली होती, म्हणून तक्रारीला काही आधार राहिला नाही. तेव्हापासून टाकी आली की आधी तिच्या वरच्या कड्यावरच्या पट्टीवर कोरलेले रिकाम्या टाकीचे वजन वाचते. परवाच्या टाकीवर १५.९ होते, त्यात १४.२ किलो गॅस मिळवला की ३०.१ किलो भरले पाहिजे. वजनकाटा बरोबर आणणे आणि मागितल्यावर वजन करून दाखवणे हे पोचवणाऱ्याचे कामच आहे, त्यामुळे मागायला संकोच करू नये. पहिल्या वेळी तो मुलगा कुरकुरला, आता जिना चढतानाच काटा काढतो.

---

हिशेबी_वहिनी | ५ एप्रिल, सकाळी ६:५०

तिरफळताई, माझे आठ दिवस कुठून वाढले ते तुम्ही न विचारताच सांगितलेत. मी दुसरे काहीही केले नाही: ज्योत बारीक, डाळ भिजवलेली, आणि वरणभाताबरोबरच वरच्या डब्यात बटाटे. बर्नरची भोके सुईने साफ केल्यावर पिवळी पडलेली ज्योत पुन्हा निळी झाली, तोही भाग त्यात असणार. गोधडीचा प्रयोग आजच करते.

---

शाळू_भाकरी | ५ एप्रिल, सकाळी ११:३०

भुसार मालातली फजिती सांगा. आमच्या बार्शीकडे वर्षाचे धान्य भरले नाही तर घरात काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते, म्हणून विचारते.

---

हिशेबी_वहिनी | ५ एप्रिल, रात्री ९:१५

सांगते. गेल्या एप्रिलमध्ये मार्केट यार्डातून १२० किलो लोकवन गहू ३८ रुपये दराने आणला. वर्षभरात वाण्याकडे तोच गहू सरासरी ४४ ला होता, म्हणजे कागदावर ७२० रुपये वाचले. त्यातून टेंपो आणि हमालीचे २४० गेले. पावसाळ्यात दोन डब्यांत किडे झाले, सात किलो गहू पक्ष्यांना गेला, त्याचे २६६. हाती राहिले २१४ रुपये, आणि साडेचार हजार रुपये वर्षभर डब्यांत अडकून पडले ते वेगळेच. ते मुदत ठेवीत असते तरी यापेक्षा जास्त मिळाले असते.

---

शाळू_भाकरी | ६ एप्रिल, दुपारी ३:२०

वहिनी, किडे झाले हा दोष धान्य भरण्याचा नाही, भरण्याच्या पद्धतीचा आहे. तुम्ही गहू उन्हात वाळवून त्याच दिवशी संध्याकाळी डब्यात भरलात ना? मी पैजेवर सांगते. गरम धान्य डब्यात गेले की आत घाम सुटतो आणि झाकणाखालच्या थराला ओल धरते. दोन दिवस कडक ऊन द्यावे, रात्री चादरीवर पसरून निवू द्यावे आणि तिसऱ्या दिवशी सकाळी भरावे. वाळला की नाही ते दाताखाली धरून पाहावे: दाणा कट्टकन फुटला पाहिजे, चेपला तर आणखी ऊन हवे. डबा आतून धुवून तोही उन्हात तापवावा, कारण गेल्या वर्षीचे किडे त्याच्या सांदीत बसलेले असतात. गव्हाला हाताला लागेल न लागेल इतके एरंडेल चोळावे आणि थराथरात सावलीत सुकवलेला कडुनिंबाचा पाला घालावा. ओला पाला घातला तर त्याचीच ओल धान्याला लागते.

यासोबत एक गोष्ट कळकळीने सांगते. काही जण धान्यात गोळ्या ठेवतात. पाऱ्याच्या गोळ्या तर नकोतच, पण गोदामात वापरतात ती अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी राहत्या घरात चुकूनही आणू नये. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूने झोपेत माणसे गेलेली आहेत. तांदळाला बोरिक पावडर लावण्याची पद्धतही मी बंद केली; ते खाण्याचे द्रव्य नव्हे.

राहिला प्रश्न बचतीचा. तुम्ही किलोमागचे सहा रुपये मोजलेत, पण मला वर्षाच्या शाळूचा फायदा दुसरीकडे दिसतो. दोन किलो ज्वारी आणायला दुकानात गेले की पिशवीत बिस्किटे, शेव आणि कसलासा मसाला येतोच. कोठी भरलेली असली की दुकानाची पायरी महिन्यातून एकदाच चढावी लागते. तुमच्या वहीत हे येणार नाही, कारण न घेतलेल्या वस्तूची पावती मिळत नाही.

---

आगळ_मडगाव | ६ एप्रिल, रात्री १०:०५

गोव्यात आम्ही याला पुरुमेंत म्हणतो. हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला, अर्थ बेगमी. मडगावच्या होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताला, म्हणजे वार्षिक उत्सवाला, जोडून पुरुमेंताची फेरी भरते आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांची तरतूद लोक तिथे करतात: सुक्या मिरच्या, कांद्यांच्या माळा, सोलां (आमसुले), चिंच, सुके बांगडे आणि सुंगटे (कोळंबी). पण माझी आई हे स्वस्त पडते म्हणून करत नव्हती. पावसात होड्या किनाऱ्याला लागत, वाटा बंद होत, आणि घरात नसेल ते मिळतच नसे. ती गरज होती. आज पावसातही रस्ता चालू असतो आणि दुकान उघडे असते, म्हणून आम्ही यादी कापली. मिरची आणि सोलां मात्र अजूनही एकदमच घेतो, कारण त्यांचा भाव जुलैत पाहवत नाही आणि ती वर्षभर टिकतात. जे टिकते आणि ज्याचा भाव हंगामाबाहेर चढतो तेवढेच भरावे. गव्हाचा भाव तितका हलत नसेल तर वहिनींनी हट्ट का करावा?

---

कृत्तिका | ७ एप्रिल, सकाळी ८:३०

मी धागा पहिल्यापासून वाचते आहे आणि मला एक प्रश्न पडला आहे. एकशेवीस किलो गहू निवडला कोणी? दोन दिवस गच्चीवर पसरला कोणी, संध्याकाळी गोळा केला कोणी, कबुतरे हाकलली कोणी? डबे धुणे, एरंडेल चोळणे, सात किलो किडका गहू वेगळा काढणे या सगळ्याला वहीत रकाना नाही. आपल्याकडे घरातील बचत म्हणजे बहुतेक वेळा घरातील एका बाईचे न मोजलेले तास असतात. गीझरचा थर्मोस्टॅट एकदा फिरवला की तो वर्षभर आपले काम आपणच करतो. गव्हाचे तसे नाही. दोन्ही बचती एकाच पानावर लिहिल्या जातात, हे मला पटत नाही.

---

हिशेबी_वहिनी | ७ एप्रिल, रात्री ११:००

कृत्तिका, तुमचा प्रतिसाद मी जेवताना घरात वाचून दाखवला. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग सासूबाई म्हणाल्या, «निवडला मी, आणि पाठ धरली ती आठ दिवस». आम्ही दोघींनी बसून आठवून हिशेब केला: निवडणे, वाळवणे आणि पुढची निस्तरानिस्तर मिळून बावीस तास. २१४ रुपयांना बावीस तासांनी भागले तर तासाला पावणेदहा रुपये पडतात. वहीत आज तासांचा रकाना आखला. गहू यंदा महिन्याला दहा किलो, निवडलेला, वाण्याकडूनच येईल. शाळू_भाकरीताई, तुमची पद्धत मी डाळीसाठी वापरीन. तूर डाळ पंधराच किलो लागते आणि तिचा भाव खरोखर वरखाली होतो.

---

नाकासमोर | ८ एप्रिल, रात्री ८:१०

आजपासून गॅसची टाकी पन्नास रुपयांनी महागली. पुण्यात साडेआठशेच्या वर गेली. अशा वेळी इंडक्शनची शेगडी परवडेल का? की इकडून काढून तिकडे घालायचे?

---

जुना_वायरमन | ९ एप्रिल, सकाळी ७:२०

हिशेब सोपा आहे. एक किलो गॅसमध्ये साधारण पावणेतेरा युनिट विजेइतकी उष्णता असते. १४.२ किलोच्या टाकीत ती १८० युनिट होते. शेगडीवरून पातेल्यात जाते ती त्यातली साठ-पासष्ट टक्के, म्हणजे ११७ युनिट धरा; बाकीची स्वयंपाकघर तापवते. इंडक्शनमध्ये पंच्याऐंशी टक्क्यांपर्यंत उष्णता भांड्यात जाते, म्हणून तेवढाच स्वयंपाक करायला १३८ युनिट लागतील. तुमचा वापर आधीच शंभराच्या वर असेल तर हे सगळे युनिट १३ च्या दराने पडतील, म्हणजे जवळजवळ अठराशे रुपये. त्यापेक्षा टाकी निम्म्या किमतीत पडते. तुम्ही एकटे राहत असाल, महिन्याला पन्नास युनिट जाळत असाल आणि स्वयंपाक जेमतेम असेल, तर खालच्या दराने जवळपास बरोबरी होते. छतावर सौर पॅनल असून वीज उरत असेल तर मात्र इंडक्शनसारखे दुसरे काही नाही.

सौर पॅनलचे विचारण्यापूर्वीच सांगतो: पंतप्रधान सूर्यघर योजनेत २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून अधिकला ७८ हजार रुपये अनुदान आहे. एक किलोवॅटपासून महिन्याला शंभर ते एकशेवीस युनिट मिळतात. स्वतःचे छत असेल त्यांनी अवश्य विचार करावा. सदनिकेत राहणाऱ्यांनी आधी सोसायटीच्या सभेत गच्चीचा प्रश्न सोडवावा, आणि तो विजेपेक्षा अवघड आहे.

तोवर दोन छोट्या गोष्टी. कागदी बिल नको असे कळवून ई-मेलवर बिल घेतले तर महावितरणच्या गो-ग्रीन सवलतीचे वर्षाला १२० रुपये सुटतात. आणि बिलावर तीन तारखा आणि तीन रकमा असतात. त्यांतली पहिली तारीख गाठली तर लवकर भरण्याची सवलत मिळते. लोक फक्त मधली तारीख वाचतात.

---

तिरफळ | ९ एप्रिल, रात्री ९:०२

काकांचा लुकलुकीचा प्रयोग कोणी केला का? आमचा मीटर जिन्याखाली आहे आणि तिथे मांजरीने पिल्ले घातली आहेत, म्हणून मला पंधरा दिवस थांबणे भाग आहे.

---

हिशेबी_वहिनी | १२ एप्रिल, रात्री ११:४५

आज केला, आणि जे सापडले ते सांगितल्याशिवाय झोप यायची नाही. रात्री दहा वाजता मी घरातील सगळी बटणे बंद केली, फ्रिजचेही. धाकटा मुलगा खाली मीटरपाशी मोबाइलचे घड्याळ घेऊन उभा होता. आमच्या मीटरवर ३२०० आहे. सगळे बंद म्हटल्यावर दिवा लुकलुकायलाच नको होता. तो ओरडून म्हणाला, «आई, पन्नास सेकंदांनी एकदा लागतोय!»

आम्ही घरभर फिरलो. पाणी शुद्ध करण्याचे यंत्र बंद होते, दारावरच्या घंटीचे बटण काढले, तरी पन्नास सेकंद काही हलेनात. शेवटी सासूबाईंनी माळ्याकडे बोट दाखवले. तिथे इन्व्हर्टर आहे. भारनियमनाच्या काळात घेतलेला, बॅटरी मधे एकदा बदललेली, तीही आता सात वर्षांची. गेल्या वर्षभरात वीज गेली ती दोन-चार वेळा, तीही अर्धा अर्धा तास. त्यामुळे तो आहे हेच आम्ही विसरलो होतो. त्याची पिन काढल्याबरोबर खालचा दिवा थांबला.

काकांच्या रीतीने मांडले: पन्नास सेकंदांना एक, म्हणजे तासाला ७२ लुकलुकी, म्हणजे साडेबावीस वॅट, अहोरात्र. महिन्याला सोळा युनिट, वरच्या दराने दोनशे दहा रुपये. माझ्या मुलांनी वर्षभर रोज दोन तास चार-चार दिवे चालू ठेवले असते तरी इतकी वीज जळली नसती, आणि ओरडा मात्र त्यांनी खाल्ला. धाकट्याने हे वाक्य वहीत लिहून त्याखाली माझी सही घेतली आहे.

काका, आता प्रश्न तुम्हाला. इन्व्हर्टर कायमचा काढायचा असेल तर नुसती पिन काढून भागेल का? कारण पिन काढल्यावर थोड्या वेळाने बैठकीच्या खोलीतले दिवे त्याच्या बॅटरीवर चालत असल्याचे दिसले.

---

जुना_वायरमन | १३ एप्रिल, सकाळी ६:४०

नाही, नुसती पिन काढून भागणार नाही. आपल्या बैठकीच्या खोलीची तार इन्व्हर्टरमधून फिरवलेली आहे. बॅटरी उतरली की ते दिवे आणि पंखा बंद पडतील. इन्व्हर्टरवर मागे बायपासचा, म्हणजे त्याला वगळून वीज थेट पुढे नेणारा, खटका असेल तर तूर्त तो टाकून ठेवा. कायमची व्यवस्था करायची तर परवानाधारक वायरमनकडून ती तार पुन्हा थेट मुख्य बोर्डाला जोडून घ्यावी, अर्ध्या तासाचे काम आहे. स्वतः करायला जाऊ नये. मुख्य खटका बंद केला तरी इन्व्हर्टरच्या बाजूने तारेत वीज असू शकते, आणि हे न जाणल्यामुळे झटका बसलेले चांगले कारागीर मी पाहिले आहेत.

इतक्या जुन्या बॅटरीला चार्ज धरवत नाही, म्हणून ती सारखी वीज ओढत राहते. तिच्यात पाणी किती उरले आहे ते पाहा आणि मला कळवा. ती भंगारात देऊ नका, त्यात शिसे आणि तेजाब आहे. बॅटरीचा दुकानदार जुनी बॅटरी वजनावर परत घेतो आणि तिचे पैसेही देतो. ती रक्कम वहीत जमेच्या बाजूला लिहा.